कचरू मिस्त्रींचा फ्लायबोर्ड

मिस्त्रींच्या जलदानविधीचा फ्लेक्स शहागडच्या चौकात लागला तेव्हा मी खाली उभी राहून तो दोनदा वाचला आणि चिडले. मी मुळातच चिडकी बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांवर ओरडून ओरडून आवाजाला धार आलेली. फ्लेक्सवर मिस्त्रींना कोट घातला होता. जन्मात ज्यानं कोट शिवला नाही त्याला मेल्यावर कॉम्प्युटरवर कोट! खाली लिहिलं होतं, 'मोटार रिवायंडिंग व सबमर्सिबल पंप दुरुस्ती'. झालं, संपला माणूस. ज्यानं या गोदावरीवर जितीजागती पोरगी पंचवीस फूट वर उभी करून दाखवली, त्याच्या फ्लायबोर्डाचं एक अक्षर नाही! मी फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेले आणि त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "बाई, मी लिव्हलंच व्हतं. मिस्त्रींच्या आम्रपालीताईनं काढाया लावलं. म्हणली, लोकायला उडालेलं आठवत न्हाई, पडलेलं आठवतं."

पोरीचं खरं होतं. पण मला दोन्ही आठवतं, आणि त्या दोन्हींत मिस्त्री आठवतात, म्हणून हे लिहायला बसले.

कचरू मिस्त्री माझे घरमालक. माझी बदली शहागडला झाली, आमचे मास्तर तिकडं हसनाबादच्या शाळेत. संसार असा दोन टोकांना. मिस्त्रींच्या दुकानावरची खोली मिळाली. राजूरला आईला फोन केला तर तिनं विचारलं, "कुणाचं घर?" मी सांगितलं. आईनं आडनावही विचारलं. मग म्हणाली, "पाणी तरी येतं का बराबर?" मी म्हटलं, "अगं, मोटारी दुरुस्त करणाऱ्याचं घर आहे." "मग राहा," म्हणाली. पाण्यापुढं आमच्याकडं बाकीचे प्रश्न फार टिकत नाहीत.

मिस्त्री उंच, काटकुळे, आणि कान एवढे मोठे की पाठीमागून पाहिलं तरी ओळखू यावेत. इतर मिस्त्री काम झाल्यावर हात धुतात, हे कामाआधी धुवायचे. साबण लावून, कोपरापर्यंत. मी विचारलं तर म्हणाले, "मोटारीत कचरा जायला नगं. एक कचरू बास हाय." प्रत्येक मोटारीला ते मालकाच्या नावानं हाक मारायचे. 'आज पांडुरंग लई तापला', 'गणपतराव सकाळधरनं गुरगुरून राह्यले'. एकदा फोनवर कुणाला तरी सांगत होते, "बबनतात्या जळाले, बिलकुल कोळसा झाला, उद्या या घेऊन जायला." समोरच्या बाकावर बबनतात्यांची सून बसली होती. तिनं जो हंबरडा फोडला! मोटार जळाली हे तिला समजावता समजावता सिंधूवहिनींना, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोला, दोनदा चहा ठेवावा लागला.

त्यांची खरी विद्या कानात होती. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू मोटारीच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानाला. डोळे मिटायचे. मग सांगायचे, खालची बेअरिंग गेली, पंख्यात गोटा अडकला, फुटव्हॉल्व्ह हवा धरतोय. खोलून पाहिलं की तेच निघायचं. एकदा माझ्या फ्रीजला स्क्रूड्रायव्हर लावून म्हणाले, "दोन महिने." सात आठवड्यांनी फ्रीज बंद पडला. मी खाली जाऊन भांडले, जसं काही त्यांनीच पाडला!

"विहिरीतली मोटर दिसत न्हाई बाई," ते म्हणायचे. "ती ऐकायची अस्ती. पाणी बराबर येतंय तवर आवाज जाड ऱ्हातो. पाणी तुटाया लागलं की आवाज पातळ होतो. पातळ झाला की बंद करायची, जल्दी. न्हाईतर गेली."

चाळीस वर्षं ते विहिरीत उतरले. एकदा कसल्या तरी बोलण्यात सहज म्हणाले, "पाटलाच्या विहिरीला आमच्या आज्याला हात लावू देत न्हवते. आता तिच्या तळाला मी उतरतो आन् पाटील वरून दोर धरून उभा. म्हणतो, कचरूभाऊ, दमानं." आणि खदाखदा हसले. मला हसू आलं नाही. माझ्या माहेरचीही विहीर होतीच की. माझा चेहरा पाहून तेच म्हणाले, "जाऊ द्या बाई, चहा घ्या."

त्यांची एकुलती एक लेक आम्रपाली. माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकली. वर्गात कधी जागेवर बसली असेल तर शपथ. हॉटेलचं शिक्षण घेते म्हणून गोव्याला गेली आणि तिथं हॉटेल सोडून समुद्रावर रमली. पुढं लॉकडाऊन लागला, मालकानं धंदा गुंडाळला आणि पोरगी एका टेम्पोतून घरी आली. सोबत बॅग एक, आणि बूट ठोकलेली एक जड फळी.

त्या फळीला म्हणतात फ्लायबोर्ड. मला ते तीनदा समजावून घ्यावं लागलं. पाण्यावर पळणारी एक स्कूटर असते, जेटस्की. तिच्या पोटात पंप असतो. तो खालून पाणी ओढतो, मागून जोरानं फेकतो, म्हणून ती पळते. तिच्या मागच्या तोंडाला आगीच्या बंबासारखा साठ फूट लांब पाईप लावायचा आणि पाईपाचं दुसरं टोक या फळीला. फळीवरच्या बुटांत पाय घट्ट बसवून माणूस उभा. फळीखालून पाणी सुटलं की माणूस हवेत. वरच्यानं फक्त तोल सांभाळायचा. किती वर जायचं आणि कधी खाली यायचं ते जेटस्कीवर बसलेल्याच्या हातात, कारण पंपाचा जोर कमीजास्त करणारी कळ, थ्रॉटल, त्याच्याकडं.

आम्रपालीनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. सिंधूवहिनी म्हणाल्या, "अगं बाई, हे भुतावाणी काय उभं राह्यलंय पाण्यावर?" मिस्त्रींनी व्हिडिओ पाहिलाच नाही. फोन कानाला लावला. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "ही तर आपली विहिरीवरची मोनोब्लॉक मोटरच हाय की! वावरात पाणी टाकायच्या ऐवजी माणूस वर टाकायचा, बास."

आता जेटस्की कुठून आणायची? तर जालन्याहून. तिथल्या लोखंडाच्या भट्ट्यांसाठी कुठकुठून मोडतोड येते. जालन्याच्या भंगारात काय येत नाही ते विचारा. एका भंगारवाल्याकडं फुटकी जेटस्की पडली होती. मिस्त्री ती उसाच्या ट्रॉलीत घालून घेऊन आले. वहिनी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. "ही भाकड म्हस कुठून धरून आणली?" त्या भाकड म्हशीवर बाप-लेक सात महिने बसली. दुकानात मोटारींची रांग लागली आणि गणपतराव, पांडुरंग सगळे कोपऱ्यात धूळ खात पडले. फुटलेलं अंग फायबर लावून जोडलं. पंपाचा पंखा स्वतः घासून बसवला. परवानगीचे कागद आम्रपालीनं खेटे घालून मिळवले. आणि एका रविवारी सकाळी बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला, जिथं पाणी खोल आहे तिथं, सगळं गाव जमलं.

मी आयुष्यात फार काही पाहिलेलं नाही, पण ते पाहिलं. हेल्मेट, जाकीट घातलेली आमची आम्रपाली पाण्यात पालथी पडलेली, आणि मग पाणी खवळलं आणि ती त्यातून उठली. गुडघा, पोटरी, फळी, सगळं पाण्याबाहेर. दहा फूट. पंधरा फूट. खाली पांढऱ्या पाण्याचे दोन खांब आणि वर पोरगी, हात पसरून. हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी पुलावर गाड्या थांबवल्या. वहिनी ओरडत होत्या, "उतरवा तिला! आधी खाली उतरवा!" माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, का ते मला आजही सांगता येणार नाही.

आणि मिस्त्री? ते जेटस्कीवर मान खाली घालून बसले होते. डोळे मिटलेले, थ्रॉटलवर बोट. लोकांना वाटलं, घाबरला म्हातारा, वंदना म्हणतोय. पोरगी उतरली तशी बापावर कडाडली, "पप्पा, वर बघायचं असतं! थ्रॉटलवाल्यानं नजर काढायची नसते. गोव्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

मिस्त्री म्हणाले, "तुला बघून मला काय कळंल? पाणी आधी बोलतंय, तू मंग पडतीस. मी पाण्याचं ऐकतो."

आणि ते खरंही होतं, म्हणून तर सगळा घोळ झाला. खालून काडीकचरा आला, हवा शिरली की पंपाचा आवाज पातळ व्हायचा आणि मिस्त्री तिला कळायच्या आधी थ्रॉटल दमानं सोडायचे. पोरगी पडायची नाही, हळू खाली यायची. दोन वर्षांत एकदासुद्धा ती आदळली नाही. ती तिथं वर कोलांट्या घ्यायला लागली, डॉल्फिनसारखी पाण्यात शिरून दुसरीकडून निघायला लागली. मी एकदा विचारलं, "आमे, भीती नाही गं वाटत?" ती म्हणाली, "मागं पप्पा अस्तेत ना बाई." मिस्त्रींना लोक दुरून बघायला यायचे. ते म्हणायचे, "चाळीस वर्सं विहिरीत खाली गेल्तो बाई. आता कुठं वर जाऊन राह्यलो." स्वतः मात्र कधी फळीवर चढले नाहीत.

मग कुकरची गोष्ट झाली. एका संध्याकाळी मी खाली गेले तर वहिनी पिठाच्या गिरणीत, गॅसवर कुकर, आणि शेजारच्या पाटावर मिस्त्री वायंडिंग करत बसलेले. कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता. सहा, सात. डाळीचा जळका वास सुटला. मी धावत जाऊन गॅस बंद केला आणि म्हटलं, "मिस्त्री, कान फुटले का?" ते दचकले. कुकरकडं पाहिलं. आणि त्यांचा चेहरा पडला. चोरी पकडल्यावर पोरांचा होतो तो चेहरा मला चांगला ओळखू येतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जाड आवाज समदे येतात," ते म्हणाले. "तुमचं बोलणं येतं. शिट्टी येत न्हाई. पाखराचं येत न्हाई."

मी त्यांना जालन्याला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं एका काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. मिस्त्रींनी प्रत्येक वेळी बरोब्बर बटण दाबलं. तपासणारी मुलगी खूश. मला काही ते पटेना. मी नीट पाहिलं तर हा गृहस्थ काचेतून त्या मुलीच्या हाताकडं बघत होता! तिचं बोट हललं की याचं बटण. कॉपी! सव्वीस वर्षं मी कॉप्या पकडल्या, माझ्यासमोर कॉपी! मी आत जाऊन त्यांची खुर्ची भिंतीकडं फिरवली. मग एकही बारीक आवाज त्यांना आला नाही. ते बटण हातात धरून भिंतीकडं तोंड करून बसून राहिले, वाट बघत. मला फार वाईट वाटलं. खुर्ची फिरवली नसती तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर इंजिनांजवळ काम केलंय, बारीक आवाज आधी जातात, ते परत येत नाहीत. मशीन लावा. मिस्त्रींनी मशीन लावून पाहिलं आणि काढून ठेवलं. "याच्यात समदे आवाज येतात, पण समदे एकसारखेच," म्हणाले.

परतीच्या एसटीत मी त्यांना स्पष्ट विचारलं, "पंपाचा आवाज पातळ झालेला कळतो का?"

त्यांनी उजवा हात उघडून बोटांकडं पाहिलं. मग म्हणाले, "बोटाला कळतं थोडं."

"आम्रपालीला सांगा. आज सांगा."

"सांगतो. पण पुढल्या महिन्यात कोकणातले ते रिसॉर्टवाले येऊन राह्यले बघायला. दोघायला घेऊन जायचं म्हणतेत, बाप-लेकीला. तेवढं होऊ द्या. एकदा पोरगी मार्गाला लागली की मीच सांगतो. बाई, तुम्ही काही बोलू नका. तुम्हाला माझी आन हाय."

आणि मी बोलले नाही. एरवी जगाला सुनावणारी मी, तिथं गप्प बसले. एखाद्या माणसाला म्हातारपणी पहिल्यांदा काहीतरी मनासारखं मिळालेलं असतं आणि ते आपल्या एका वाक्यानं जाणार असतं, तेव्हा ते वाक्य तोंडातून निघत नाही. मला वाटलं, महिनाभराचा तर प्रश्न आहे. चूक त्यांची होती तेवढीच माझी होती, हे मी कुठंही सांगायला तयार आहे.

रिसॉर्टवाले आले त्याच्या दोन दिवस आधी वरून नदीला पाणी सोडलं होतं. पाण्याबरोबर जलपर्णी वाहून आली. सकाळी आम्रपालीनं गळानं जागा साफ केली, पण पाण्याखालून काय येतंय ते कुणाला दिसतं? ती वर गेली. वीस फूट, पंचवीस फूट. पाहुणे मोबाईल धरून उभे. आणि मला, काठावर उभ्या असलेल्या मला, जिला मोटारीतलं ओ का ठो कळत नाही, त्या मला ऐकू आलं. आवाज पातळ झाला. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "मिस्त्री! मिस्त्री!"

मिस्त्री मान खाली घालून, डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावर समाधान. नुसती मान वर केली असती तर वरचं पाणी तुटताना दिसलं असतं. पण ते ऐकत होते.

पोरगी एका अंगावर आदळली. पंचवीस फुटांवरून पाणी काही पाण्यासारखं लागत नाही. पाईप सैल पडला तेव्हा मिस्त्रींनी डोळे उघडले आणि वर पाहिलं. वर कुणी नव्हतं. "कुठं गेली? आमे? कुठं गेली?" तो आवाज मी अजून विसरले नाही. जाकिटामुळं ती तरंगत होती. दोन बरगड्या आणि खांद्याचं हाड मोडलं, जीव वाचला. रिसॉर्टवाल्यांनीच आपल्या गाडीतून जालन्याला पोचवलं.

दवाखान्यात ती शुद्धीवर येताच मिस्त्रींनी कबूल केलं. माझ्यासमोर. "आवाजच आला न्हाई बाळा. सा महिन्यांपासून येत न्हाई."

आम्रपालीनं बापाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बाईला माहीत व्हतं?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"पडले त्याचं काई न्हाई पप्पा," ती म्हणाली. "पडणं असतंच याच्यात. मला सांगितलं अस्तं तर मी तुमच्या हाताकडं बघत उडाले अस्ते. खुणा ठरवल्या अस्त्या, दुसरा माणूस ठेवला अस्ता, काईबी केलं अस्तं. मी तिथं वर तुमच्या भरवशावर, आन् तुम्हाला ऐकू येत न्हाई हे समद्यांला ठाऊक, मला न्हाई." आणि तोंड भिंतीकडं केलं.

माझ्याशी ती महिन्याभरात बोलायला लागली. बापाशी नाही. एकाच घरात, एकाच ताटलीतली भाकरी मोडून, चार महिने ती पोरगी बापाशी एक शब्द बोलली नाही. काही सांगायचं असलं की आईला सांगायची. मिस्त्री मला म्हणाले, "न बोलणं मला बराबर ऐकू येतं बघा." हसायचा प्रयत्न केला आणि हसू काही आलं नाही. मी त्यांना समजावलं, रागावले, पोरीला रागावले. काही उपयोग झाला नाही. स्क्रूड्रायव्हर कानाला लावणं त्यांनी बंद केलं. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "दुसऱ्याला दाखवा." कामच सोडलं म्हणा ना.

आणि मग एके दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत काहीतरी चालू झालं. पंधरा दिवस. मी वाकून पाहिलं तर भंगारातल्या एका चारचाकीची काच वर-खाली करणारी छोटी मोटार टेबलावर, आणि मिस्त्री चष्मा लावून तिला स्प्रिंग बसवत होते. कान नव्हता, तर डोळ्यांनी काम करत होते. सबमर्सिबल विहिरीत सोडताना केबलचा जोड पाण्यात टिकेल असा बांधतात, ते त्यांच्याइतकं चांगलं या तालुक्यात कुणाला जमत नव्हतं. तसे जोड बांधून त्यांनी फ्लायबोर्डाच्या पाईपाला धरून साठ फूट वायर नेली आणि तिच्या टोकाला मुठीत मावेल एवढं बटण केलं. वरच्यानं बटण दाबलं की छोटी मोटार जेटस्कीचा थ्रॉटल ओढणार. बटण सोडलं की स्प्रिंगनं थ्रॉटल हळूहळू परत, माणूस दमानं खाली.

ते बटण त्यांनी आम्रपालीच्या खाटेवर नेऊन ठेवलं. मी तिथंच होते. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं, दाबलं, सोडलं. चार महिन्यांनी बापाच्या तोंडाकडं बघून, ओठ नीट हलवत, पहिल्यांदा बोलली.

"याला मागं बसायला माणूस लागत न्हाई."

"न्हाई लागत," मिस्त्री म्हणाले.

एवढंच. ते उठून बाहेर गेले आणि नळाखाली हात धूत बसले. मी दारातून पाहत होते. माझ्या मनात आलं, या माणसानं आपल्या हातानं आपली जागा मोडली आणि पोरीच्या मुठीत दिली. मला रडू आलं, मी वर निघून गेले.

चाचणीच्या दिवशी गाव नव्हतं. आम्रपाली, वहिनी, मी आणि मिस्त्री. जेटस्की दोरानं बांधून रिकामी सोडली होती, तिच्यावर कुणी नाही. मिस्त्री काठावर उकिडवे बसले, हात दोन्ही गुडघ्यांवर. बोटं उगाच हलत होती. आम्रपाली उठली, दहा फूट गेली, थांबली, पुन्हा वर गेली. आणि त्या दिवशी मिस्त्रींनी डोळे मिटले नाहीत. पहिल्यांदा मान वर करून त्यांनी आपल्या लेकीला उडताना पाहिलं. तोंड उघडं राहिलेलं. "एवढी वर जाती?" त्यांनी मला विचारलं. "एवढी वर जात व्हती ही?"

ती लवकरच खाली आली. पूर्वी अर्धा अर्धा तास उतरायची नाही, त्या दिवशी पाच मिनिटांत काठाला. हेल्मेट काढलं, ओलीगच्च येऊन बापाशेजारी बसली आणि नदीकडं बघत हळू आवाजात काहीतरी बोलली. मिस्त्रींनी मान डोलावली. तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं, मग उठून पाईप गुंडाळायला गेली. मी जवळच होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला होता. मिस्त्रींना काहीही ऐकू आलेलं नव्हतं, हेही मला कळलं.

त्यानंतर आठवड्यात आम्रपाली कोकणात गेली, त्याच रिसॉर्टवाल्यांकडं, एकटी. आणि या उन्हाळ्यात मिस्त्री दुकानातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. पण मला ते दिसतात ते चाचणीच्या त्याच दुपारी. वहिनी आणि आम्रपाली टेम्पोतून पुढं गेल्या होत्या, आम्ही दोघं हायवेच्या कडेनं पायी घराकडं निघालो होतो. शेजारून ट्रक धडधडत जात होते. मिस्त्री एकदम थांबले.

"बाई, पोरगी काय म्हणली व्हती?"

मी ट्रक जाऊ दिला. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, वर्गात ओरडते तसं ओरडून सांगितलं, "म्हणाली, पप्पा, आज मला पहिल्यांदा भ्या वाटलं! मागं तुमचा हात न्हवता!"

चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. मिस्त्री तसेच उभे. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"परत सांगा," म्हणाले.

"ऐकू नाही आलं का?"

"आलं," मिस्त्री म्हणाले. "आलं ऐकू. परत सांगा."